मातीचा खांब

काम मोजाले आलेल्या साहेबानं टेपचं टोक मायच्या हातात देलं नाई. तिच्या पायापाशी धुळीत फेकलं.

"उचल. घट्ट धर."

माय वाकली. उचललं, पदरानं पुसलं, धरलं. दुसरं टोक त्यानं मुकादमाले सोताच्या हातानं देलं. आमी बौद्धपुऱ्यातल्या बाया. काहून फेकलं, ते त्यालेही माईत होतं अन् आमालेही.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अकोल्याजवळच्या आमच्या गावात रोजगार हमीवर तळं खोदून राहिलो होतो. खोदताना मधात मातीचा एक खांब तसाच सोडतात. जमीन आधी किती उंच होती, हे तो सांगते. त्याच्यावरून खोली मोजायची, मग तो पाडायचा. पण साहेब आल्या आल्या म्हणाला, "आधी जागा साफ करा." अन् मायनं सोताच टिकास घेऊन खांब पाडला. वर झाडूनही काढलं. तिले काम नीटनेटकं लागते.

मग त्यानं उताराकडून, जमीन खाली होती त्या बाजूनं मोजलं. खोली अर्धीच भरली, म्हून मजुरीही अर्धीच. "तुम्हा लोकांची उत्पादकताच कमी," तो म्हणाला. मायले तो शब्द समजला नाई. मले समजला. मी बी.ए. झालेली आहो, तरी घमेलंच उचलते. पंधरा दिवस किती माती उपसली, ते माझ्या मानेले माईत होतं. तरी मी गप उभी राहिली. त्याची लाज अजून जात नाई.

घरी माय म्हणाली, "चूक माहीच. म्याच पाडला." जन्मभर हमीच्या कामावर खडी फोडली तिनं, रस्ते केले. साहेब म्हणला पाड, त पाडलं. "ज्याच्या हाती ससा तो पारधी, बाई," म्हणे. मले रागही आला नाई. नुसता थकवा आला, हाडातला.

यंदा गावाच्या दुसऱ्या टोकाले नवं तळं. साहेब तोच, वाक्यही तेच. "आधी जागा साफ करा." मायनं टिकास उचललं. मी खांबाले पाठ लावून उभी राहिली.

"आधी मोजा, साहेब. मग पाडू."

"तू मला शिकवणार?"

"टेप द्या. मी धरते."

त्यानं टोक फेकलं. माय सवयीनं वाकाले लागली. मी तिचा दंड धरला. "माय, राहू दे." बाकीच्या बायाही हलल्या नाईत. टोक उन्हात पडून राहिलं. शेवटी मुकादमानं टेप गुंडाळला अन् साहेबाची जीप न मोजताच निघून गेली.

आठ दिवस झाले. काम बंद आहे. चुली कशा पेटतात, ते आमचं आमाले माईत. जीव कंटाळला. पण खांब उभा आहे. कोणी येऊन पाडू नये म्हणून आमी पाळीपाळीनं त्याच्यापाशी बसतो. आज माय बसली आहे. कोणी सांगतलं नाई तिले. टिकास घरी ठेवून गेली.

साहेब येईल. टोक हातात देलं, त धरीन. फेकलं, त पडू दे तिथंच. आमच्या घरातलं आता कोणी वाकणार नाई.