आमच्यावर गेलाय!

लॉन्ड्रीत तिला सगळे ‘पिवळी आत्या’ म्हणायचे आणि ती खुशाल ओ द्यायची. जरा जागरण झालं, एखादं जेवण चुकलं, की तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा व्हायचा. शेजारच्या टेबलावरची बाई ओरडायची, “अगं बाई, कावीळ!” की ही इस्त्री बाजूला ठेवून हसत सुटायची.

“कावीळ कसली! माझ्या बापाचे डोळे असेच, भावाचे असेच. डॉक्टरच म्हणाले, लिव्हर जन्मापासून आळशी आहे, बाकी ठणठणीत. आमच्या घराण्याचा शिक्का आहे तो!”

हा शिक्का ती मिरवायची. नवऱ्याशी पटलं नाही, पोटी मूलबाळ नाही, राहायची धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत. आपलं म्हणावं असं तिच्यापाशी दुसरं होतं तरी काय?

भावाला उशिरा मुलगा झाला. भावजयीच्या माहेरची माणसं आली आणि नाक आमचं, कपाळ आमचं, हनुवटीसुद्धा आमचीच म्हणून गेली. आत्या आतल्या आत धुमसली. बाळ घरी आलं आणि त्याचा चेहरा पिवळा दिसायला लागला. मग पोट, मग तळपाय.

“वन्सं, दवाखान्यात नेऊ या का?” भावजयीने विचारलं.

आत्याने बाळाला खिडकीपाशी नेलं. पांढऱ्या चादरीचा कोपरा कुठे पिवळा पडलाय ते लांबून ओळखणारी बाई ती. तिला दिसलं नाही असं कोण म्हणेल? दिसलं, आणि आनंद झाला!

“अगं, आमच्यावर गेलाय! दवाखाना कशाला? सोन्या आहे माझा, सोन्या!”

भाऊही हसला. मोठी नणंद एवढं खात्रीने सांगतेय म्हटल्यावर भावजय गप्प बसली. बाळ दूध प्यायलाही उठेना, नुसतं झोपून राहायला लागलं, तर आत्या म्हणाली, “किती गुणी आहे बघ.”

मग एका दुपारी ते पाठ मागे ताणून किंचाळायला लागलं आणि सगळे त्याला घेऊन धावले. दवाखान्यात त्याचं रक्त बदललं, निळ्या दिव्यांखाली ठेवलं. घराण्यातल्या पिवळ्या डोळ्यांचं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मोठ्या माणसाला या आळशी लिव्हरमुळे काही होत नाही. पण याचा रक्तगट आईच्या रक्ताशी जुळत नाही, त्यामुळे पिवळेपणा वाढतच गेला. तान्ह्या बाळात तो मेंदूपर्यंत जातो. इतके दिवस थांबलात कशाला?”

 

पोराचा जीव वाचला. पण पातेलं पडलं तरी ते दचकेना. आत्या मागून “सोन्या, ए सोन्या” म्हणून घसा फोडायची आणि ते आपलं भिंतीकडे बघत बसायचं. कान गेले होते, कायमचे.

भावजय तिला एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं! “बोल गं मला काहीतरी,” आत्या हात जोडायची, तर ती म्हणायची, “वन्सं, चहा निवतोय.” त्या घरात आत्याला घास गोड लागेनासा झाला. लॉन्ड्रीत कुणी ‘पिवळी’ म्हटलं तर ती आता वळून बघत नसे.

काही वर्षांनी मुलगी झाली. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी तिच्या कपाळावर जरासा पिवळेपणा आला. भावजयीने आत्याकडे नुसतं पाहिलं. आत्याने विचारलं नाही, सांगितलं नाही, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि भावजयीचा हात धरून अनवाणीच निघाली.

त्याच डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. “थोडं वाढलंय. दिव्याखाली ठेवू, एक-दोन दिवसांत घरी न्या.”

“आणि मग?” आत्याने विचारलं.

“मग काही नाही.”

“एवढंच?”

“वेळेवर आणलंत ना, मग एवढंच.”

आत्या तिथेच फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. भावजयीने तिला उठवलं नाही. ती शेजारी येऊन बसली आणि पहिल्यांदाच म्हणाली, “वन्सं, तेव्हा का नाही हो आणलंत?”