अंदमानहून ठिपक्यांनी आलेली ताई

ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईने जावयाची नोकरी, घराणं, स्वभाव सगळं खोदून विचारलं होतं. मध्ये समुद्र किती आहे, एवढंच विचारायचं राहिलं. ताई अंदमानला गेली आणि माहेरपण ही गोष्टच संपली. ती राहायची तिथे फोन नव्हता. पत्रं यायची, प्रत्येकात ‘मी मजेत आहे’ हे वाक्य ठरलेलं. आई ते माझ्याकडून वाचून घ्यायची नि म्हणायची, “चिठ्ठीत सारेच मजेत असतात. मले तिचं तोंड पाहू दे.” एकदा फोटो आला, तर तो स्टुडिओतला. “थे तर फोटोवाल्यानं हासवलं असंन,” म्हणून आईने तो बाजूला ठेवला.

हे स्थळ आलं तेच मुळी माझ्या रेडिओवरून. भाऊजी आणि मी दोघेही परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले. आमची ओळख हवेतच झालेली. त्यामुळे आईचा सगळा राग माझ्या यंत्रावर. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या भैंसा गावात आमचं किराणा दुकान होतं. मागच्या खोलीत यंत्र, गच्चीवर वाळत्या मिरच्यांशेजारी अँटेना. उपग्रहाला जिरं-मोहरी विकतोस का, असं गिऱ्हाइकं विचारायची.

हौशी लोकांसाठी सोडलेला एक उपग्रह दुपारी भैंशाच्या आणि अंदमानच्या आकाशात एकाच वेळी असायचा. चहा करून पिईपर्यंत तो मावळायचा. तेवढ्यात काय ते बोलायचं. पण परवाना नसलेल्याने माइकवर बोलायचं नाही, असा नियम. तिकडे ताई गप्प, इकडे आई गप्प, आणि आम्ही दोघे शहाणे एकमेकांना आवाज कसा येतोय ते सांगतोय! त्या नियमाची मला चीड यायची. तो मोडायची हिंमत मात्र नव्हती. परवाना गेला असता तर तेवढाही धागा तुटला असता.

मग आम्ही ठरवलं, बोलता येत नाही तर दाखवू. नव्वदनंतरची ती वर्षं, दोघांकडेही संगणक आलेला. कॅमेऱ्यातलं चित्र संगणकात उतरवायचं सर्किट भाऊजींनी स्वतः बनवलं. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचा काळेपणा आकड्यात मांडायचा, ते आकडे सुरांच्या रूपात उपग्रहाकडे फेकायचे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा चित्र उभं करायचं. वरून खाली, ओळीमागून ओळ. एखादी ओळ बिघडली की ती परत मागवायची. यात वेळ जायचा. शिवाय कापसाचा हंगाम असला की गावातल्या सरकी काढायच्या जिनिंग गिरण्यांमुळे वीज मान टाकायची.

पडद्यावर आधी भिंत यायची, मग ताईचे केस, मग कपाळ. कुंकवापर्यंत आलं की उपग्रह मावळायचा.

“काऊन रे,” आई करवादायची, “तुह्यं यंत्र डोकंच दावून राह्यलं. तोंड काऊन नाही?”

एका सकाळी दुकान उघडताना दारातल्या कोऱ्या सड्याकडे लक्ष गेलं. ताई गेल्यापासून तिथे रांगोळी नव्हती. शाळेला उशीर झाला की ताई आधी सगळीकडे ठिपके टाकून घ्यायची, मग जमतील तेवढ्या रेघा जोडून पळायची. अर्धवट राहिली तरी पूर्ण आकृती दिसायची. तिची इतकी आठवण आली की मी कुलूप हातात धरून तसाच उभा राहिलो.

त्यावरूनच सुचलं. आधी चित्रभर विरळ ठिपके, मग त्यांच्या मधले, मग त्यांच्याही मधले. हरवलेला ठिपका परत मागवायचा नाही. भाऊजींना लांबलचक पत्र लिहिलं. दोन्हीकडचा प्रोग्रॅम नव्याने जुळवण्यात पुढचे कितीतरी महिने गेले.

त्या दुपारी पडद्यावर आधी नुसते करडे चौकोन उमटले. मला त्यात काही कळेना.

आई म्हणाली, “वाळली रे पोरगी.”

“थांब आई, चित्र अजून यायचं आहे.”

“मले दिसून राह्यलं.”

पुढचे ठिपके भरत गेले. डोळे आले, ओठ आले. आपली युक्ती चालली म्हणून मी आनंदलो, आणि मग मला गाल दिसले. आत गेलेले. ताई हसत नव्हती. सरळ आमच्याकडे बघत होती.

“चित्र कसं आलं?” भाऊजींनी विचारलं.

“स्पष्ट आलं,” मी म्हणालो.

आई पडद्यावरून नजर हलवत नव्हती. मी नियम गुंडाळून ठेवला, बटण दाबलं आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला.

“ये वं माय,” आई म्हणाली. “घरी ये. काही आनू नको, नुसती ये. मी आहे इथं.”

ती बोलत राहिली. उपग्रह मावळला होता, हे मला घड्याळाकडे न बघताही कळलं होतं. तरी मी बटण दाबूनच ठेवलं.

“आयकलं असंन ना तिनं?”

“ऐकलं,” मी म्हणालो. संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि भाऊजींना पत्र लिहिलं, ताईला पहिल्या बोटीने पाठवा.