सहावा वार

आमच्या गावात वार पाळतात. लक्ष्मीची यात्रा जवळ आली की आधीचे पाच मंगळवार गाव बंद. शेतात औत जात नाही, घरात फोडणी पडत नाही, आणि सकाळी देवळात गाऱ्हाणं झालं की दिवे लागेपर्यंत कुणी शीव ओलांडायची नाही. बेळगावात नोकरी करणारे हुशार असतात. ते सोमवारीच शहरातल्या अनगोळात पाहुण्यांकडे मुक्कामाला जातात, कारण गाऱ्हाण्याच्या वेळी बाहेर असलेल्याला वार लागत नाही. ही पळवाट मानकऱ्याच्या घराला नाही. त्याचं घर वाराला भरलेलं पाहिजे. माझे वडील, आप्पा, मानकरी, म्हणजे मीही त्या भरण्यातली.

मी बेळगावच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. त्या वर्षी युरोपातल्या एका विद्यापीठात पीएचडीसाठी अर्ज केला होता. विषय, तिकडचे नवे निसर्गपूजक. ख्रिस्ती धर्म पोचण्याआधी तिकडच्या खेड्यांत झऱ्याकाठच्या झाडाला चिंध्या बांधत, घर राखणाऱ्या दैवतासाठी वाटीभर दूध ठेवत, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी टेकडीवर जाळ करत. पुढे त्यातलं पुष्कळ मोडलं, थोडं संतांच्या नावाखाली तगलं. आता शहरातली शिकलेली माणसं जुन्या नोंदी चाळून, न सापडलेलं मनानं भरून, ते पुन्हा उभं करतात. हे मी आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग आपल्यासारखंच की, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं. खरं कारण मला सांगता आलं नाही. मला जायचं होतं, एवढंच. तिथं गवत मोजायला बसवलं असतं तरी मी गेले असते.

मुलाखत ऑनलाइन होती. कॅलेंडरवर पाच मंगळवारांवर खुणा करून मी मुद्दाम सहावा मागून घेतला. कॉलेजातली शांत खोली, चांगलं इंटरनेट, इस्त्रीची साडी, सगळं ठरलेलं. सोमवारी संध्याकाळी उशिरा आईनं सहज विचारलं, उद्या फोडणी चालायची नाही, तर भाजीला काय उकडून ठेवू. मी बोटांवर वार पुन्हा मोजले. दुसऱ्या वाराच्या दुसऱ्या दिवशी भावकीतलं एक म्हातारं माणूस गेलं होतं, म्हणून तिसरा वार सुतकात आला होता. सुतकातला वार धरत नाहीत, तो मागून भरून काढतात. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. समाजशास्त्राच्या बाई मात्र कॅलेंडर मोजत बसल्या होत्या.

मी आप्पांशी भांडले. एका दिवसानं देवीचं काय बिघडणार, हेही बोलून गेले. ते पान जुळवत राहिले.

"देवीचं काय बिघडत न्हाय गं," ते म्हणाले. "पण उद्या गावात एखादी म्हस जरी मेली, तरी लोक माझ्या दारात येऊन बसतील. त्यास्नी मी काय सांगू, ते तेवढं सांगून जा."

ते ओरडले असते तर मी गेलेही असते. पण त्यांनी एवढ्या मऊपणानं विचारलं, आणि मी राहिले.

मंगळवारी दुपारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत मुलाखत दिली. रेंज तेवढ्याच जागी येते. पडद्यावर तिघं होती. त्यातली पिकल्या केसांची बाई स्वतःच अशा एका निसर्गपूजक मंडळातली होती. माझी उत्तरं पाठ होती, पण तिनं पहिल्यांदा विचारलं ते भलतंच. तुमच्याकडं इतकं शांत कसं? मी आधीच चिडलेली. म्हटलं, शांत आहे कारण आज मला गावाबाहेर पडायची बंदी आहे. मग वार, सुतक, माझं चुकलेलं गणित, आप्पांची म्हैस, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

तिनं पेन खाली ठेवलं. त्यांचं चाळीस जणांचं मंडळ आहे, म्हणाली. एका संध्याकाळच्या जाळासाठी नगरपालिकेची परवानगी काढावी लागते. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन येतात आणि उद्या काम आहे म्हणून अर्ध्यातून उठून जातात. कुणी उठून गेलं म्हणून कुणाचं काही अडत नाही, आणि तेच तिला सोसत नव्हतं. बोलताना तिचे डोळे भरले. मला तिला धरून हलवावंसं वाटत होतं. बाई, खुर्चीची घडी करून निघून जाता येतं ना, मला तेच हवंय.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. निवड झाली होती. फक्त विषय त्यांनी बदलून सुचवला होता: वार. पहिली दोन वर्षं मी माझ्याच गावात राहून काम करायचं, तिसऱ्या वर्षी लिहायला तिकडं यायचं. नाही म्हणायला लागणारी हिंमत माझ्याजवळ नव्हती, आणि दुसऱ्या विद्यापीठाचं पत्रही नव्हतं. आप्पांनी देवीपुढं नारळ फोडला. "बघ, तिनंच तुला ठिवून घेतलं," म्हणाले.  माझ्यासाठी आणलेली मोठी बॅग आईनं पुसून परत माळ्यावर चढवली.

सध्या दुसरं वर्ष चाललंय. संशोधन कसं करणार ते सुरुवातीला विद्यापीठाला मलाच लिहून द्यायचं होतं, तेव्हा एक कलम मीच इंग्रजीत घातलं, आराखडा चोख दिसावा म्हणून: वाराच्या दिवशी संशोधक गावाची शीव ओलांडणार नाही. खाली सही आहे, माझी.