कोपरा फाटलेलं कार्ड

पोलीस ॲक्शननंतरची दोन-तीन वर्षं मी पूर्णेला पोस्टमन होतो. काही माणसांचं येणारं-जाणारं टपाल आधी पोलीस चौकीवर दाखवून आणायचं, असा तोंडी हुकूम होता. लेखी मागायची माझी छाती नव्हती.

त्या माणसांत रेल्वेतून कमी केलेला एक फिटर होता. लाल झेंड्याच्या सभेत दोनदा दिसला, एवढाच त्याच्यावर संशय. तो सोलापूरला गिरणीत लागला होता आणि बायको इथेच, रुळांपलीकडच्या वस्तीत राहायची. तिला अक्षरओळख नव्हती. कार्ड आलं की मला ओसरीवर बसवून ती म्हणायची, "दादा, हळू वाचा. शेजारी लय कान देत्यात."

मी हळू वाचायचो. तासाभरापूर्वी तेच कार्ड मी चौकीत मोठ्यानं वाचलेलं असे, कारण बाहेरून आलेल्या जमादाराला मराठी वाचता येत नव्हतं. कार्ड उघडंच असतं, त्यात कसलं गुपित, अशी मी मनाची समजूत घालायचो.

एकदा जमादारानं कार्ड ठेवून घेतलं. वरच्या साहेबाला दाखवायचं म्हणून ते दोन दिवस खिळ्याला टोचलेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते ओढून काढलं आणि माझ्याकडे टाकलं. चौकीतून आलेलं टपाल मी निरखून बघत नसे. न पाहिलेलं पाप लागत नाही, असा माझा हिशेब. त्या दिवशी उशीर झाला होता, म्हणून कार्ड तिच्या हातात देऊन मी निघालो. संध्याकाळी येऊन वाचतो म्हणालो.

चार घरं ओलांडली नाहीत तोच मागून हंबरडा ऐकू आला. परत येऊन बघतो तर तिनं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या होत्या. कार्ड खाली पडलं होतं आणि त्याचा एक कोपरा नव्हता. आमच्याकडे मयताची खबर कळवताना कार्डाचा कोपरा फाडतात. असं कार्ड वाचून घ्यायला कोणी थांबत नाही.

मी कार्ड उचलून तिच्या दारात पहिल्यांदाच मोठ्यानं वाचलं. 'मी खुशाल आहे. दिवाळीला येतो.' जमलेल्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. एकीनं तिच्या मनगटावरचं रक्त पुसलं. ती मात्र माझ्याकडेच बघत होती.

"मंग कोपरा कुणी फाडला?"

"चौकीवर फाटला."

"म्हंजे माझ्या आधी तिथं वाचत्यात?"

"हो."

"कोण वाचतंय?"

खोटं बोलता आलं असतं. मी खाली बघितलं आणि तिला उत्तर मिळालं. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. हातात नव्या बांगड्या होत्या. मला ओसरीवर न बसवता तिनं दारातच कोरं कार्ड पुढं केलं.

"लिव्हा. आमी खुशाल हाव. आता कार्ड धाडू नका."

मी म्हणालो, "वहिनी, दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

"कुणीबी लिव्हलं तरी वाचणार तुमीच."

मी लिहिलं. चौकीवर नेऊन वाचूनही दाखवलं. जमादार म्हणाला, "इसमें कुछ नहीं," आणि कार्ड परत दिलं. चारही कोपरे शाबूत होते.