रंगाखालचा गंज

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही किरटं आहे. हे कुणी वाचलंच तर माफ करावं.

काल होडी ओढायच्या लोखंडी गाड्यावर, नव्या निळ्या रंगाला फोड आलेला दिसला. अंगठ्याने दाबला तर तपकिरी पाणी निघालं, गंजाचे पापुद्रे हाताला चिकटले. शिसारी आली.

गाडा समुद्रातून वर आला की गोड्या पाण्याने धुवायचा, एवढंच काम. दिराला त्याचाही कंटाळा. गंजावरच रंग फासून त्याने गाडा शेजारच्या जनूभाऊंना विकला, पैसेही घेतले. वर मला हसत म्हणाला, "वैनी, नवरीसारखा नटवलाय. आत कोण बघतंय?"

त्या हसण्याची मला गंजापेक्षा जास्त किळस आली. धुण्यापेक्षा रंगवणं माणसाला सोपं का वाटतं? मीठ काही रंग बघून थांबत नाही, ते आतून खातच राहतं.

एवढ्यात जनूभाऊ गाडा न्यायला आले. मला चारचौघांत बोलता येत नाही. बरबटलेला हात तसाच त्यांच्यापुढे धरला.

"हे काय गं?"

"तुमचा गाडा, भाऊ."

दिराचं हसू मावळलं. आत जाऊन त्याने त्यांचे सगळे पैसे आणून परत दिले.