एकोणीस साखळ्या बारा आणे

नंदुरबारच्या हायस्कुलातील मॅट्रिकच्या वर्गात दरवर्षी पाचसात मुले अशी असत की ज्यांना पुढे कॉलेजचे दर्शन घडण्याचा संभव नसे. अशांनी धुळ्यास जाऊन मोजणीदाराच्या दाखल्याची परीक्षा द्यावी, असा शाळेचा प्रघात पडला होता, आणि त्या परीक्षेची तयारी पितांबर मास्तर करून घेत. मास्तर शाळेचे नोकर नव्हते. भूमापन खात्यात तीस वर्षे साखळी ओढून ते निवृत्त झाले होते आणि शनिवार-रविवारी विद्यादान म्हणून मुलांना शिकवीत. मात्र अर्जावर त्यांची शिफारस नसेल, तर मुख्याध्यापक तो अर्ज पुढे धाडीत नसत.

मास्तरांच्या विद्येविषयी कोणाच्याही मनात किंतु नव्हता. मास्तरांच्या मनात मात्र सर्वांविषयी किंतु होता. तीस वर्षांत त्यांनी इतके हद्दीचे दगड जागचे हललेले पाहिले होते की मनुष्यजातीविषयीचे त्यांचे मत कायमचे ठरून गेले होते. दगडाला पाय नसतात, तो हलला की त्यामागे हात शोधावा, हे त्यांचे पहिले सूत्र. मुलांना ते साखळी हाती देण्यापूर्वी हे सूत्र देत.

साखळी म्हणजे खात्याची तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागास आणा म्हणत. साखळी ओढली जाऊन वाढते, कड्या वाकून आखूडते, म्हणून रोज कामापूर्वी ती पडताळून पाहावी लागते. त्यासाठी मास्तरांनी निवृत्त होताच आपल्या परसात दोन घडीव दगड बरोबर तेहतीस फुटांवर पुरले होते. एक तुळशीपाशी, दुसरा उताराला न्हाणीच्या मोरीपाशी. अकरा वर्षे रोज स्नानसंध्या आटोपली की ते साखळी त्या दगडांवर ताणून पाहत. त्या क्रियेत देवपूजेइतकेच पावित्र्य होते. पावसाळ्यानंतर साखळी अर्ध्या इंचाने आखूड भरे. काट्याकुट्यांत ओढून कड्या वाकल्या, असे म्हणून मास्तर कडी उघडून एक लहानशी कडी जादा घालीत आणि साखळी पुन्हा दगडाशी जुळवीत. मोरीचे पाणी त्या दगडाच्या बुडाशी मुरते, तो दगड काही खरा नाही, असे त्यांच्या पत्नी मंगलाबाई अधूनमधून म्हणत. न्हाणीतल्या माणसाने भूमापनात बोलू नये, असे मास्तरांचे मत होते.

मुलांची अखेरची कसोटी गावाबाहेरच्या गायरानात होई. गायरानाची एक लांब बाजू भाईदास पाटलांच्या शेताला जाऊन भिडे. सरकारी नकाशात ती बाजू वीस साखळ्यांची होती. मास्तरांनी ती प्रथम मोजली तेव्हा वीसला किंचित कमी भरली. पुढे एकोणीस साखळ्या पंधरा आणे. मग चौदा. दरवर्षी थोडे थोडे कमी होत या वर्षी ती एकोणीस साखळ्या बारा आण्यांवर आली होती. यावरून निघणारे अनुमान मास्तरांना सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ वाटे. भाईदास पाटील दरसाल दगड बोट-दोन बोटे गायरानात सरकवीत होते. मास्तरांनी हे कधी बोलून दाखविले नाही, परंतु पाटलांच्या घरचा संक्रांतीचा तिळगूळ घेणे त्यांनी सहा वर्षांपूर्वीच सोडले होते.

या गोष्टीचा त्यांनी एक सापळाही केला होता. तलाठ्याच्या दप्तरातला नकाशा पाहून जो विद्यार्थी घरबसल्या उत्तर लिहील, तो वीस लिहील. जो खरोखर मोजील, तो एकोणीस साखळ्या बारा आणे लिहील. परीक्षा एकाच वेळी हाताची आणि सचोटीची.

सन एकोणीसशे त्रेचाळीसच्या माघ महिन्यात पाच मुलांनी गायरान मोजले. चौघांच्या कागदांवर अपेक्षित आकडा होता. पाचव्यावर स्पष्ट अक्षरात ‘वीस साखळ्या’ असे लिहिले होते. तो कागद आमशाचा होता.

आमशा सातपुड्यातला. बाप चैत्या जंगलखात्याच्या तोडीवर मजूर. मुलगा मिशनच्या शाळेतून उशिरा वर आला होता, आणि पुढल्या वर्षी वयाच्या मर्यादेमुळे त्याला ही परीक्षा देता येणार नव्हती. दाखला मिळाला तर मोजणीदार, नाही तर बापामागे कुऱ्हाड घेऊन तोडीवर, इतका सरळ हिशेब होता. अर्ज सोमवारच्या दुपारच्या डाकेने जायचे होते.

रविवारी सकाळी मास्तरांनी त्याला परसात उभे केले आणि तलाठ्याकडे केव्हा गेला होतास, असे शांतपणे विचारले. आमशा गेला नव्हता. मग वीस हा आकडा कोठून आला, असे त्यांनी विचारले. काठीने मोजला, असे तो म्हणाला. साखळीला दोन टोके असतात आणि आमशाबरोबर दुसरे टोक धरायला त्या दिवशी कोणी पुढे झाले नव्हते, ही गोष्ट त्याने सांगितली नाही. मास्तरांनी ती पाहिली होती आणि मनात ठेवून दिली होती.

काठी म्हणजे घरून आणलेला सरळ, वाळलेला वेळू. जंगलखात्याच्या साहेबाच्या साखळीवर धरून चैत्याने तो कापला होता. अशा दोन काठ्यांत मास्तरांची एक साखळी होते, असे आमशाचे म्हणणे. कुंपणापाशी थांबलेला हिंमतराव, जो पाटलांचा पुतण्या आणि वर्गातला पहिला, हळूच म्हणाला, “आमशा, धुयाले जाशी तं काठीनं बी तिकीट काढजो.”

काठीचेही तिकीट काढण्याच्या या सूचनेवर मुले हसली. आमशाने वेळू दोन दगडांमध्ये टाकला, खूण केली, उचलून पुन्हा टाकला. दुसरे टोक मोरीच्या दगडापासून पाच इंच अलीकडे राहिले.

“वेळू आखूड कापला आहे,” मास्तर म्हणाले.

“गुरुजी, बाप बारा वर्षं याच मापानं तोडीच्या ओळी घालतो,” आमशा म्हणाला. “साहेब दरवर्षी तपासतो. तुमचे दगड कोण तपासतो?”

असा प्रश्न त्या परसात पूर्वी कोणी केला नव्हता. मास्तरांनी वेळू पुरावा म्हणून ठेवून घेतला, शिफारशीचा रकाना कोरा ठेवला, आणि मुलांना घरी पाठविले.

दिवसभर त्यांचे मन आमशाभोवती फिरत राहिले. मुलगा लबाड असावा, कारण तसे मानणे सोपे होते. परंतु सायंकाळी त्यांनी सहज पाटीवर गणित मांडले. साखळीमागे पाच इंच, म्हणजे वीस साखळ्यांना शंभर इंच. शंभर इंच म्हणजे चार आण्यांहून केसभर अधिक. नाहीसे झालेले चार आणे त्यांच्यासमोर पाटीवर उभे होते. त्यांनी पाटी पुसली. आकडे जुळतात म्हणून ते खरे असतात असे नाही, लबाडाचेही जुळतात. आता दोघांचेही नसलेले, तिसरेच एखादे माप हवे होते.

सोमवारी सकाळी एक लांब कामटी आणि चाकू घेऊन ते स्टेशनाबाहेरच्या फाटकाशी गेले. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर साडेपाच फूट. ते चुकले तर गाडीच उलटेल, म्हणून ते रोज तपासले जाते. वेळू खरा, म्हणजे अर्ध्या साखळीचा, साडेसोळा फुटांचा असेल, तर त्यात असे तीन भाग बरोबर मावले पाहिजेत. मास्तर धोतर सावरून रुळांत वाकले.

बेचाळीसच्या धामधुमीपासून रुळांवर कडक नजर होती. फाटकवाला रेवजी हिरवा बावटा काखेत मारून धावत आला आणि गेली वीस वर्षे ओळखीच्या असलेल्या त्या वृद्धाकडे असा पाहू लागला, जणू त्याला प्रथमच पाहत आहे.

“मास्तर, तठे काय मोजी ऱ्हायनात? कोनी देखं तं मन्ही नोकरी जाई.”

मास्तरांनी आपले वय सांगितले, खात्यातली सेवा सांगितली, कामटी दाखविली. प्रत्येक खऱ्या वाक्यासरशी रेवजीची शंका वाढत गेली. खरे बोलणारा माणूस समोरच्याच्या डोळ्यांत किती लहान होत जातो, हे मास्तरांना त्या दिवशी कळले. अखेर रेवजीने चाकू स्वतःजवळ ठेवून घेतला, कामटीवर स्वतःच खूण केली आणि त्यांना वाटेस लावले.

परसात येऊन त्यांनी कामटी वेळूवर ठेवली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसरी खूण वेळूच्या टोकावर येऊन थांबली, तेथे नखही शिरले नसते.

मास्तर मोरीच्या दगडापाशी उकिडवे बसले. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि पाणी मुरत राहिले तर उताराकडे सरकते, हे ते मुलांना दरवर्षी सांगत आले होते. अकरा वर्षे तो दगड कोणाच्याही हाताशिवाय मोरीकडे चालला होता, आणि कड्या वाढवून वाढवून मास्तर साखळी त्याच्यामागे नेत होते. साखळी लांबत गेली, तसे गायरान तिच्यात कमी भरत गेले. मंगलाबाई हातात कळशी घेऊन मागे उभ्या होत्या.

“मी कवयनी सांगी ऱ्हायनू,” असे आपले कधीपासूनचे सांगणे त्यांनी ऐकवले आणि त्या आत गेल्या.

आमशाचा अर्ज कोनाड्यात होता. शिफारशीच्या कोऱ्या रकान्यात मास्तरांनी लिहिले, ‘उमेदवार स्वतंत्रपणे व अचूक मोजतो.’ सही केली आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन पाचही अर्ज स्वतः डाकघरात नेऊन दिले. मग साखळीच्या जास्तीच्या कड्या काढून ती वेळूला जुळविली आणि आमशाला वसतिगृहातून बोलावून आणले.

तिसऱ्या प्रहरी दोघे गायरानात उभे होते. दुसरे टोक मास्तरांनी धरले. हिंमतराव बांधावरून पाहत होता. साखळी विसाव्यांदा ताणली गेली, तेव्हा तिचे टोक पाटलांच्या हद्दीच्या दगडाला लागले. दगड जागच्या जागी होता, त्याच्या बुडाशी जुनी हरळी घट्ट रुजलेली होती. मास्तरांनी ती हरळी आजवर कधी वाकून पाहिली नव्हती.

शेतातून भाईदास पाटील खुरपे हाती घेऊन कुंपणापर्यंत आले. त्यांनी साखळीकडे पाहिले, आमशाकडे पाहिले, आणि सहा वर्षे तिळगूळ परत करणाऱ्या माणसाकडे पाहिले. मास्तर मोजणीला का आले, आता कोणता अर्ज करणार, असे त्यांच्या चर्येवर उमटलेले होते.

“किती भरली, मास्तर?” त्यांनी सावधपणे विचारले.

“आमशा, पाटलांना सांग,” मास्तर म्हणाले, आणि साखळी गुंडाळू लागले.

“वीस,” आमशा म्हणाला.

मास्तर एवढ्यावरच थांबतील, यावर पाटलांचा विश्वास बसला नाही. ते कितीतरी वेळ कुंपणाशी तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या त्या पाहण्याचा मास्तरांना राग आला नाही.