नावाचा रकाना

मी मुळातच संशयी माणूस. दूधवाल्याने माप भरून घातलं तरी मी चरवीत डोकावून बघतो. पन्नासच्या दशकात जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात कारकून होतो, चिंचवडहून गाडीने पुण्याला जात असे. एकदा वरून एक छापील तक्ता आला. कोणत्या देशात किती तान्ही मुलं दगावतात ते त्यात होतं. इंग्लंड, जपान वर, आपण पार खाली. साहेबांना ते फार लागलं. आपल्या गावांचे आकडे त्या देशांशेजारी मांडायला त्यांनी मला बसवलं.

मांडता मांडता चाकणजवळचं एक गाव आलं. वर्षभरात दगावलेली तान्ही मुलं : शून्य. साहेब खुशीत म्हणाले, "बघा, विलायतेलाही मागे टाकलं!"

मला मात्र ते शून्य पटेना. त्याच गावात माझी थोरली बहीण दिली होती. आई नसल्यामुळे तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, आणि तक्त्यातल्या त्या शून्याच्याच वर्षी तिचं सहा दिवसांचं मूल पुरताना मी तिथे उभा होतो. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. सरकार त्या भागाला एक शिकलेली नर्सबाई देणार होतं, तीही जिथे जास्त मुलं दगावतात तिथे. शून्याच्या गावाला कोण देतो?

रविवारी सायकल काढली आणि पोलीस पाटलांचं घर गाठलं. जन्ममृत्यूची वही तेच लिहीत. त्यांनी काहीतरी लपवलंय अशी माझी खात्रीच होती. वही स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. त्याचाही मला संशय आला.

"लपवायचं काय त्यात, राव?" पाटील म्हणाले. "पयला रकाना नावाचा हाय. बारसं झालं न्हाई तर नाव कुठलं? आन् रकाना कोरा ठेवला की तालुक्यावरनं वही माघारी येती."

बारशाआधी गेलेलं मूल वहीत नव्हतंच. ना जन्माला, ना मृत्यूला. मी विचारलं, अशी किती? पाटलांनी आत वळून बघितलं. आतून त्यांच्या बायकोने एकेक घर घेत बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात संपला, तिने दुसरा पुढे केला.

ती सगळी मुलं मी लिहून घेतली आणि पाटलांची सही घेतली. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला. "तुमची बहीण त्याच गावात आहे ना?"

आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला, त्या दिवशी माझ्यावर घेतला गेला. पण साहेबांचं काय चुकलं? बहीण नसती तर मीही ते शून्य मुकाट्याने उतरवलं असतं. "आहे," म्हटलं. "म्हणूनच ते शून्य खोटं आहे हे मला कळलं." त्यांनी नर्सबाईसाठी त्या गावाचं नाव घालून कागदावर सही केली. तेव्हापासून कुठल्याही देशाचा चांगला आकडा वाचला, की तिथली वही कोण लिहितं हे मला आधी विचारावंसं वाटतं.

नर्सबाई आली तेव्हा ताईला आठवा लागला होता. नर्सबाईच्या हातून मुलगी झाली. निरोप मिळताच मी गेलो, तर माजघराच्या दारात पाटील वही घेऊन उभे. ताईनेच बोलावून घेतलं होतं.

"पाटील, आजच लिवा. नाव मी सांगते."

सासूने कपाळाला हात लावला. "अगं, बारशाआधी नाव घ्यायचं नसतं! पोरीला नख लावतीस का?"

ताई भिंतीला टेकून उठून बसली. इतक्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"जगली तर बारसं करूच की, आत्याबाई. न्हाई जगली, तर ही आली व्हती एवढं तरी लिवलेलं ऱ्हाईल. पयल्याचं कुठं काय ऱ्हायलं?"

पाटलांनी खाली बसून दौत उघडली.